मानाचा टाका

गेल्या महिन्यात, माहेरचं दुकान आता चालवणाऱ्या भाच्यानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. मुठा गावात कुणा पुण्याच्या माणसाच्या फार्महाउसचं फाटक बसवलं होतं त्याचा. पांढऱ्या सदऱ्यातला तो मालक काळा चष्मा लावून उकिडवा बसलाय, हातात वेल्डिंगचा होल्डर, मागे सनईची धून. ठिणगी उडाली, मालकानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग भाच्यानं नारळ फोडून त्याचं पाणी त्या लालबुंद जोडावर ओतलं. चर्र आवाज आला, वाफ झाली. खाली लिहिलं होतं, 'आजोबांची परंपरा'. फोनमधून वास येत नाही म्हणतात, पण मला आला. करपलेल्या नारळपाण्याचा गोडसर, आंबूस वास. मी फोन पालथा ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. सुनेनं विचारलं काय झालं, तर म्हटलं पित्त झालंय.

मला किळस फार, असं घरात सगळेच म्हणतात. एका अर्थी खरं आहे. पण शेणाची, गटाराची, मेलेल्या उंदराची किळस मला कधी आली नाही. खेकडे मी जिवंत धरून नांग्या मोडल्यात. मला किळस येते ती वरून रंग मारलेल्या गोष्टींची. नवीन रंगाचा वास आला की माझा हात आपोआप पुढे होतो आणि नखानं खरवडून बघावंसं वाटतं. लोकांच्या घरी वास्तुशांतीला गेले की मी फाटकाचे कोपरे बघते, जेवणाकडे माझं लक्ष नसतं. ही खोड कुठून लागली ते लिहून ठेवायचं म्हणून हे प्रकरण. यात माझ्या वडिलांचं चांगलं फारसं येणार नाही. ते सांगणारे गावात पुष्कळ आहेत.

आमचं वेल्डिंगचं दुकान कोळवणच्या रस्त्याला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे तीन खोल्यांचं घर, मधे भिंत नाही, नुसता गोणपाटाचा पडदा. शेडमधलं मशीन सकाळी सुरू झालं की घुंऽऽ असा आवाज घरातल्या भांड्यांत उतरायचा. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकला की आमच्या स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणायचा आणि शेजारच्या गोदामावशींचा रेडिओ खरखर करायचा. मावशी कुडापलीकडून ओरडायच्या, "विमे, बातम्या लागल्यात, जरा दम धर की." मी दम धरला तरी मशीन धरत नसे. घरात सगळीकडे लोखंडाचा कीस. आई भातावर ताट, ताटावर ओलं फडकं ठेवायची, तरी भाकरीच्या घासाला दाताखाली कचकच व्हायची. आंबेमोहोर शिजत असला की त्याचा वास आणि जळक्या रॉडचा वास यांची पडद्यापाशी झुंज चालायची, आणि दर वेळी रॉड जिंकायचा. म्हणून मी जेवायला गोदामावशींकडे पळायचे. त्यांचं घर शेतातल्या खेकड्यांच्या कालवणाचं, तांदळाच्या भाकरीचं. वाटण पाट्यावर, त्यात लोखंड नाही. मावशींना मूल नव्हतं. कालवणातला सगळ्यात मोठा नांगा त्या न बोलता माझ्या ताटलीत टाकायच्या.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि गावही म्हणायचं. शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना ठिणग्यांची भोकं होती, माझ्या परकराला तर चाळणीसारखी. अण्णांच्या सदऱ्याला एकही नव्हतं. ते माप घ्यायचे, चहा मागवायचे, बोलायचे. तोंड असं गोड की फाटक सांगायला आलेला माणूस जाताना जिनाही सांगून जायचा. प्रत्यक्ष जोड मारायचे ते शौकतचाचा. पौडहून रोज सकाळच्या एसटीनं येत. तरुणपणी पिंपरीकडे एका कारखान्यात वाफेच्या बॉयलरवर काम केलेला माणूस. तिथं जोड चुकला तर काय होतं ते त्यांनी एकदा पाहिलं होतं आणि त्याबद्दल ते बोलत नसत.

मी बारावीला दोनदा आपटले. घरात नुसती बसून खातेस त्यापेक्षा शेडमध्ये ये, असं अण्णा म्हणाले, आणि माझ्या हातात एक टोकदार हातोडी आणि तारेचा ब्रश दिला. जोड मारून झाला की त्यावर काळी काचेसारखी खपली धरते. ती ठोकून काढायची, ब्रशनं घासायची. काम हलकं आणि घाणेरडं. खपली उडून डोळ्यात जाते, मानेवरून ब्लाउजमध्ये जाते. पण त्या कामात एक गोष्ट होती. खपलीखाली काय आहे ते सगळ्यात आधी मला दिसायचं. अण्णांना नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. जखमेची खपली काढल्यावर आत बरं झालंय की पू आहे, हे जसं काढणाऱ्यालाच कळतं, तसं.

चाचांच्या जोडाखाली कधी काही निघायचं नाही. माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी नवखी असताना त्यांनी मला रॉड धरायला शिकवलं तेव्हा माझ्या लाटाही ठीक यायच्या, पण शेवट आला की मी सुटले एकदाची म्हणून रॉड उचलायचे. तिथं खळगा पडायचा. चाचांनी मला तो खळगा दाखवला. त्याच्या मधोमध केसाएवढ्या तीन-चार चिरा होत्या, चांदणीसारख्या. मला ती चांदणी आवडली होती, इतकी मी अडाणी. चाचा म्हणाले, "पोरी, जोड मदी कदी मोडत न्हाई. जितं मानूस घाई करतो तितं मोडतो." मग त्यांनी शेवट कसा करायचा ते माझा हात धरून शिकवलं. टोकाला पोचलं की उचलायचं नाही. थोडं उलट यायचं, आपल्याच केलेल्या जोडावर. तिथं थांबायचं, रॉड बारीक गोल फिरवायचा, खळगा भरून वर येईपर्यंत. तो भरला की मगच उचलायचं, तेही जोडाच्या अंगावर, कडेला नाही. पट्टीला पट्टी जोडायची असेल तर टोकाला एक भंगाराचा तुकडा चिकटवून जोड त्याच्यावर नेऊन संपवायचा आणि नंतर तो तुकडा कापून टाकायचा, म्हणजे खळगा भंगारात जातो. आणि आपोआप थंड होऊ द्यायचं. पाणी मारायचं नाही. लोखंड निवताना आकसतं. त्याला घाई केली की ते फाटतं.

आता अण्णांची परंपरा. काम कोणतंही असो, फाटक, पिठाच्या गिरणीचा सांगाडा, ट्रॅक्टरची ट्रॉली, शेवटचा दोन बोटं जोड मोकळा ठेवायचा. त्याला अण्णा मानाचा टाका म्हणत. काम संपायच्या दिवशी मालकाला सहकुटुंब बोलवायचं, टोपी घालायची, हातात होल्डर द्यायचा आणि तो टाका त्याच्या हातानं मारून घ्यायचा. ज्या माणसानं जन्मात कधी रॉड धरला नाही तो माणूस. ठिणगी उडाली की तो दचकणार, हात मागे ओढणार, हे ठरलेलं. बायका हसायच्या, पोरं टाळ्या वाजवायची. लगेच अण्णा नारळ फोडून तापल्या टाक्यावर पाणी सोडायचे. चर्र. मग हळदकुंकू, पेढे. चाचा त्या वेळी नेमके नळावर पाणी प्यायला गेलेले असत. सुरुवातीला त्यांनी अण्णांना एकदा समजावून पाहिलं होतं. अण्णांनी त्यांना सांगितलं की भाई, तुमी लोखंड बघा, मी मानसं बघतो. खरं म्हणजे अण्णांनी डोकं चालवून असा रिवाज काढला होता की सगळ्या कामात जी जागा सगळ्यात नाजूक, तीच सगळ्यात अडाणी हातात द्यायची आणि वर तिला पाण्यानं चटका द्यायचा. ठरवून कुणी इतकं वाईट करू शकलं नसतं. आणि लोक लांबून खास त्यासाठीच आमच्याकडे यायचे.

फाटकाला हे खपून जायचं. फाटक मोडलं तर मोडलं. मला पहिल्यांदा किळस आली ती बबनतात्यांच्या ट्रॉलीला. तात्या म्हणजे वरच्या आळीचे, अण्णांचे चुलतभाऊ. त्यांचं भाताचं एक मोठं शेत खिंडीपलीकडे होतं आणि लावणीला बायका ट्रॉलीत बसवून न्यायचा त्यांचा विचार होता. ट्रॉली ट्रॅक्टरला अडकवायला पुढच्या दांड्याला एक जाड लोखंडी कडं असतं. चढावर ट्रॉलीचा आणि माणसांचा सगळा भार त्या एका कड्यावर येतो. अण्णांनी मानाचा टाका त्या कड्याच्या जोडावरच ठेवला होता. का, तर ट्रॉलीचं ते नाक, फोटोत छान दिसतं. तात्यांनी टाका मारला, हात झटकला, नारळाचं पाणी पडलं. ट्रॉली रंग वाळायला आमच्याकडेच दोन दिवस राहणार होती. पाहुणे जेवायला आत गेले तेव्हा मी खपली काढली. नारळपाणी आणि खपली यांचा चिकट काळा लगदा झाला होता, तो बोटानं पुसला. खाली चांदणी होती. एक चीर खळग्यातून बाहेर निघून कड्यापर्यंत गेली होती.

मी अण्णांना हळूच बाहेर बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलंही. मग म्हणाले की मालकाच्या हातचं पुसायचं नसतं, तात्याला कळलं तर जन्माचं वैर येईल, वर रंगाचे दोन हात मार म्हणजे झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं यात बायका बसणार आहेत. ते म्हणाले, "आजवर कुनाचं काय मोडलंय का? पुट्टी भर आन् गप जेवाय ये." आणि मी भरली. हे लिहिताना मला माझ्या बोटांची शिसारी येते. अंगठ्यानं ती पुट्टी मी त्या चिरेवर दाबली, पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत केली, वर लाल रंग मारला, अण्णांनी त्यावर कुंकवाचं बोट ओढलं. मी हात धुऊन आत गेले तर पंक्तीत गोदामावशी वाढत होत्या. मला म्हणाल्या की या साली चिखल तुडवत जायला नको, तात्याच्या ट्रॉलीत ऐटीत बसून जाणार. माझ्या ताटात आमटी होती, भात होता, मला नुसता पुट्टीचा वास येत होता. मी ताट तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवून आडवे झाले. मी चाचांना विचारलं, वरून आणखी एक जोड ओढला तर चालेल का. ते म्हणाले नाही, चीर खालून परत वर येते. ती मुळापासून घासून काढायची, दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग नव्यानं भरायचं. मी ग्राइंडर घेतला. आधी कुंकू उडालं, मग लाल रंग, मग पुट्टीचा भुगा, मग तात्यांचा मान. चीर संपेपर्यंत घासत राहिले आणि मग चाचांनी शिकवल्याप्रमाणे भरलं. टोकाला आले, उलट फिरले, थांबले, खळगा वर येईपर्यंत रॉड फिरवला आणि मगच उचलला. निवायला एवढा वेळ लागला की मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. नंतर परत लाल रंग, परत कुंकू. संध्याकाळी अण्णांना फरक दिसला नाही, असं मला वाटलं.

त्यानंतर सहा वर्षं हेच चाललं. मानाचा टाका झाला की रंग वाळायला वस्तू आमच्याकडेच राहायची, दुपारी अण्णा झोपायचे आणि मी तो घासून पुन्हा भरायचे. माझा हात इतका बसला की चाचा स्वतःचे शेवटही मला द्यायला लागले. आमच्या ट्रॉलीचं कडं कधी मोडत नाही, अशी ख्याती झाली. अण्णा सांगायचे की मालकाचा हात लागला की वस्तू लाभते. मला तेव्हा याचं हसू यायचं. आपण सगळ्यांना वाचवतोय आणि कुणाला पत्ता नाही, या गोष्टीची मला गुदगुली व्हायची. चाचांना ते पसंत नव्हतं. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तू बापाचं धुनं धुतीयास पोरी. लोकांस्नी वाटतं कापडंच मळत न्हाईत." मी म्हटलं, मग तुम्ही का नाही सांगत? त्यांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले की मला चार पोरं हायेत. तेव्हा त्यांचाही थोडा राग आला होता. आता येत नाही. माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.

मग माझं लग्न झालं, नेऱ्याला. नवऱ्याचं पत्र्याच्या शेड उभारायचं काम होतं, तिथंही मला रॉड मिळाला. निघायच्या आधी अण्णांना सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं, पण मांडव, पाहुणे, हळद, त्यात बापाला कुठं टोचून बोला, असं म्हणून राहिलं. दरम्यान चाचांनीही डोळ्यांच्या त्रासामुळे काम सोडलं. दोन वर्षांनी बबनतात्यांनी आणखी मोठी ट्रॉली करायला टाकली. अण्णांकडेच, कारण पहिली लाभली होती. मानाचा टाका या वेळीही कड्याच्या जोडावरच ठेवला.

लावणीच्या दिवसांत निरोप आला. खिंडीच्या चढावर कडं तुटलं, ट्रॅक्टर पुढे आणि बायकांनी भरलेली ट्रॉली उताराला मागे. तरण्या बायकांनी उड्या मारल्या. ट्रॉली बांधावर जाऊन आडवी झाली. गोदामावशींना उडी जमली नाही, त्यांचा उजवा पाय चाकाखाली आला. पौडच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं. घोट्याच्या खालचा पाय राहिला नाही.

मी पोचले तेव्हा तुटलेलं कडं शेडमध्ये पडलं होतं. मी ते उजेडात धरून पाहिलं. तुटलेल्या तोंडाचा थोडा भाग नव्या पत्र्यासारखा पांढरा चमकत होता, तो त्या दिवशी तुटलेला. बाकीचा काळपट, आणि त्यात आतपर्यंत लाल रंग उतरलेला. म्हणजे रंग मारला त्या दिवशीच ते फाटलेलं होतं, आणि रंग चिरेत पाझरला होता. अण्णा बाकड्यावर सुपारी कातरत होते. सदरा तसाच पांढरा, बिनभोकांचा. मी ते कडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि सहा वर्षांचं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटत होतं त्यांच्या पायाखालची जमीन सरकेल. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुजं ग्राइंडर झोपंत ऐकू यायचं. तू करतीयास म्हनून तर मी निवांत निजायचो."

"आन् मी गेल्यावर?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "लोकांस्नी सवय लागली व्हती गं. ती मोडंना."

मग त्यांनी आईला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी शेडच्या मागे गेले आणि ओकले. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी दिवाळीला जायचे, पाया पडायचे, त्यांच्या हातचं काही खायचे नाही. लोकांना वाटायचं लेकीला सासरचा गर्व झालाय.

पण ते ओकणं सगळं अण्णांसाठी नव्हतं, हे मला चार महिन्यांनी कळलं. गोदामावशी घरी आल्या होत्या. ओट्यावर पाय लांब करून सुपात तांदूळ निवडत होत्या, पायाच्या टोकाला पांढरं बांधलेलं. मी त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. चांदणी, पुट्टी, दुपारचं ग्राइंडर, सहा वर्षं. का सांगितलं? खरं लिहायचं तर, त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवावा म्हणून. पोरी, तू होतीस म्हणून आम्ही सहा वर्षं जिवंत राहिलो, असं काहीतरी त्या म्हणतील, याची मी वाट बघत होते. मावशींची बोटं तांदळात फिरत राहिली. दोन खडे काढून त्यांनी बाजूला टाकले.

"म्हंजी तुला ठाऊक व्हतं, त्ये कडं तुटतं?"

"व्हय, मावशी."

"मग आमास्नी का न्हाई सांगितलंस? आमी चालत गेलो असतो."

खिंडीपलीकडचं ते शेत आमच्या दारापासून दीड मैलावर होतं.